अनुभव तुमचा, दावा सगळ्यांचा

आषाढ तोंडावर आला की एक वाद ठरल्यासारखा उगवतो. एवढी माणसं पायी चालून मिळवतात काय, असं एक बाजू विचारते. तुम्हाला नाही कळायचं, तो तर्काचा प्रांतच नाही, असं दुसरी सांगते. मग कुठे एखाद्या बाबाला अटक होते आणि तेच संवाद पात्रं बदलून पुन्हा म्हटले जातात. एकाच्या मते सगळंच थोतांड. दुसऱ्याच्या मते एका भोंदूवरून अध्यात्म ठरवू नये, कारण ते बुद्धीच्या पलीकडचं आहे. गंमत अशी की हातघाईवर आलेल्या या दोन पक्षांचं एका मुद्द्यावर पूर्ण एकमत असतं. अध्यात्म आणि तर्क एका डोक्यात नांदू शकत नाहीत, हे दोघांनाही मान्य असतं. भांडण असतं ते दोघांपैकी कोणाला हाकलायचं एवढ्यापुरतंच. मला हे एकमतच चुकीचं वाटतं.

आध्यात्मिक अनुभव तर्कातून निपजत नाही, हे मला मान्य आहे. पण त्या अनुभवाबद्दल पहिलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं की ते वाक्य तर्काच्या हद्दीत आलं. ध्यानात बसलेल्या माणसाला आत काय झालं याचा पंचनामा कोणी करू शकत नाही, करूही नये. पण 'म्हणून जग असं आहे', 'म्हणून तुम्ही असं वागा', 'म्हणून माझ्या पायाशी या' ही विधानं आहेत, आणि ती दुसऱ्याला उद्देशून केलेली आहेत. ज्याला ती ऐकवली जातात त्याला 'कशावरून?' असं विचारायचा हक्क आहे. हा हक्क विलायतेहून आलेला नाही. ज्यांची नावं घेऊन तो नाकारला जातो त्यांनीच तो सर्वांत कसोशीने वापरला आहे.

आधी दुसऱ्या बाजूचं जे बळकट आहे ते पाहू, कारण वादात ते सहसा नीट मांडलंच जात नाही. कठोपनिषदात यम नचिकेत्याला सांगतो की ही मती, म्हणजे आत्म्याचं हे ज्ञान, तर्काने मिळण्यासारखी नाही. वेदान्ताचा पायाभूत ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रात तर्काला प्रतिष्ठा, म्हणजे पक्का आधार, नाही, असं सरळ सूत्रच आहे, आणि त्यावरच्या भाष्यात शंकराचार्यांनी दिलेलं कारण आजही तितकंच टोकदार आहे. एका हुशार माणसाने तर्काने उभं केलेलं मत त्याच्याहून हुशार माणूस तर्कानेच पाडतो, आणि त्याचं तिसरा. सांख्यांचे कपिल काय, वैशेषिकांचे कणाद काय, दोघेही थोर मानले गेलेले दर्शनकार, पण दोघांचं एकमेकांशी पटत नाही. मग अशा सरकत्या जमिनीवर आयुष्याचा पाया कसा घालायचा? संध्याकाळच्या चर्चेत कोणत्याही बाजूने तितक्याच सफाईने बोलणारे प्रवक्ते रोज पाहणाऱ्या आपल्याला तरी हा आक्षेप परका वाटू नये. दुसरा मुद्दा असा की तर्काचा आरंभ ज्या गृहीतांपासून होतो ती तर्काने सिद्ध झालेली नसतात. कुठेतरी काहीतरी मानूनच सुरुवात करावी लागते. आणि तिसरा सर्वांना ठाऊक असलेला: भीमसेन जोशींचा मारवा ऐकून जे होतं ते स्वरांच्या कंपनसंख्या सांगून होत नाही. जे तर्काने मिळत नाही ते अस्तित्वातच नाही, असं म्हणणारा माणूस आपल्याच आयुष्यातला निम्मा भाग नाकारत असतो.

हे सगळं मान्य केल्यावरही तर्काची गच्छंती होते का? त्याच सूत्राच्या भाष्यात पूर्वपक्षाच्या, म्हणजे आक्षेप घेणाऱ्याच्या, तोंडी एक प्रश्न आहे. तर्काला प्रतिष्ठा नाही, हे तुम्ही सिद्ध तरी कशाने केलंत? तर्कानेच ना? काही तर्क फसलेले पाहिले, म्हणून सगळे फसतील असं अनुमान काढलंत. म्हणजे निदान या एका अनुमानावर तरी तुमचा विश्वास आहे. आचार्य हा प्रश्न झटकून टाकत नाहीत. काही विषयांत तर्क पक्का ठरतो हे ते कबूल करतात आणि आपलं म्हणणं जगाच्या मूळ कारणापुरतं आखून घेतात. अध्यात्म तर्कापलीकडे आहे, असं आज जे सरसकट सांगितलं जातं, त्यातून ही आखून घेतलेली मर्यादा नेमकी गाळली जाते. गीतेच्या अठराव्या अध्यायावरच्या भाष्यात तर ते याहून स्पष्ट बोलतात. अग्नी थंड आहे किंवा तो उजेड देत नाही, असं शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. श्रुतीला सर्वोच्च मानणारा माणूस हे लिहितो! वेदाचं क्षेत्र डोळ्यांना आणि अनुमानाला न दिसणाऱ्या गोष्टींचं. डोळ्यांना दिसणाऱ्या जगाबद्दल वेदाने डोळ्यांविरुद्ध साक्ष द्यायची नाही. गोमूत्रापासून ग्रहणापर्यंत ज्या ज्या गोष्टींना आज 'आपल्या शास्त्रात आहे' या एका वाक्याने संरक्षण मिळतं, त्या या एका कसोटीला लावून पाहाव्यात. किती उरतील?

ग्रहणावरून अल्-गझाली हा इस्लामी धर्मपंडित आठवतो. तर्कवाद्यांचा शत्रू म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तत्त्वज्ञांच्या मतांतल्या विसंगती दाखवणारा त्याचा ग्रंथ अकराव्या शतकाच्या अखेरीचा, आणि पुढे इब्न रुश्द या तत्त्वज्ञाने त्याला तितकंच खणखणीत उत्तर लिहिलं. पण याच ग्रंथाच्या प्रास्ताविकात गझाली बजावतो की ग्रहणाची कारणं खगोलगणिताने सिद्ध झालेली आहेत, आणि धर्माच्या नावाने जो त्यांच्याशी भांडायला जातो तो धर्माचंच नुकसान करतो. सिद्ध गोष्टीविरुद्ध धर्माला उभं केलं तर लोकांचा संशय त्या गोष्टीवर जात नाही, धर्मावर जातो. बगदादमधलं मानाचं अध्यापकपद सोडून सूफींच्या वाटेला गेलेला हा माणूस तर्कशास्त्रावर स्वतः ग्रंथ लिहितो. अनुभवाच्या मागे जाणाऱ्याने बुद्धी वेशीवर ठेवून जावं, असं त्याला वाटत नव्हतं.

आणि आपल्याकडे? ज्ञानेश्वर म्हटलं की आपल्याला रेडा आठवतो आणि भिंत आठवते. कॅलेंडरवर, चित्रपटांत, शाळेच्या स्नेहसंमेलनात सगळीकडे भिंत चालते. त्यांच्या 'अमृतानुभवा'तलं अज्ञानखंडन मात्र किती घरांत वाचलं जातं? त्या ग्रंथातलं सर्वांत मोठं प्रकरण तेच आहे, आणि ते आरंभापासून अखेरपर्यंत युक्तिवाद आहे. अज्ञान ही खरोखरची वस्तू असेल तर ती ज्याच्या ठायी राहते त्याला नेणता करून टाकणार. तसं असेल तर अज्ञान आहे हे जाणणारा उरला कोण? आणि ते आपल्या आश्रयाला नेणतं करतच नसेल, तर त्याला अज्ञान तरी का म्हणायचं? एक वाट दाखवायची आणि ती बंद करायची, मग दुसरी दाखवायची आणि तीही बंद करायची, असा तो प्रतिपक्षाला कोपऱ्यात नेणारा, अस्सल वादपटूचा आवेश आहे. त्याच ग्रंथात ज्ञानेश्वर शिवसूत्राचा, शिवाचं वचन मानल्या गेलेल्या ग्रंथाचा, दाखला देतात आणि लगेच सांगतात की शिवाने म्हटलं किंवा श्रीकृष्णाने म्हटलं, एवढ्यासाठी आम्ही हे मानत नाही. त्यांनी म्हटलं नसतं तरी मानलं असतं. तेराव्या शतकाच्या अखेरीस, ग्रंथात आहे म्हणून खरं मानण्याच्या, म्हणजे शब्दप्रामाण्याच्या, ऐन अमलात, विशीतला मुलगा देवाच्या वचनालाही साक्षीदाराच्या जागी बसवतो आणि न्यायाधीशाची खुर्ची त्याला देत नाही. एवढं सगळं सोडून आपण भिंत धरून बसलो.

रामदासांचं आणि वारकऱ्यांचं फार जमतं अशातला भाग नाही, पण इथे तेही याच रांगेत आहेत. दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूची लक्षणं सांगताना पहिलाच घाव करामतींवर आहे: करामती दाखवणाऱ्यांनाही लोक गुरू म्हणतात, पण ते मोक्ष देणारे सद्गुरू नव्हेत. शिष्याला साधनेला न लावणारे, इंद्रियांना आवर घालायला न शिकवणारे गुरू 'अडक्याचे तीन' मिळाले तरी टाकून द्यावेत. तुकोबा तर 'सत्य असत्यासी मन केलें ग्वाही, मानियेलें नाहीं बहुमता' असं सांगून मोकळे होतात. नवसाने मुलं होत असती तर नवरा कशाला करावा लागला असता, हा त्यांचा प्रश्न आज एखाद्या पुरोगामी वक्त्याने देवळासमोर विचारला तर त्याच्यावर भावना दुखावल्याचा गुन्हा दाखल व्हायला वेळ लागणार नाही. विठ्ठलावरचं तुकोबांचं प्रेम या प्रश्नाने कमी झालं का? उलट, ज्याला देवाकडून काही वसूल करायचं नाही त्यालाच असा प्रश्न परवडतो.

यावर एक वाजवी आक्षेप येईल. संतांना अनुभव आधी आला आणि तर्क मागून, समजावून सांगण्यापुरता आला. मग तर्काचं एवढं कौतुक कशाला? इथे मला अध्यात्माबाहेरचं एक उदाहरण अधिक उपयोगी वाटतं, कारण दोन्ही पक्ष ते आपापल्या सोयीने वापरतात. गणिती श्रीनिवास रामानुजन म्हणत की आपल्याला गणितातली सूत्रं नामक्कलची नामगिरी देवी देते. भक्त हे ऐकून हरखतात. बुद्धिवादी थोडे अवघडतात आणि विषय बदलतात. 1913 च्या जानेवारीत मद्रास पोर्ट ट्रस्टमधल्या या कारकुनाने केंब्रिजचे गणिती हार्डी यांना पाठवलेल्या पत्रात सूत्रांची रास होती, सिद्धता जवळजवळ नव्हत्या. त्यातली काही हार्डींना आधीच माहीत होती, आणि काही अशी होती की ती खरीच असली पाहिजेत, कारण खोटी रचण्याइतकी कल्पनाशक्ती कोणाकडे नसणार, असं हार्डींनी नंतर लिहिलं. पण मूळ संख्यांच्या वाटपाबद्दल रामानुजन यांनी जे कळवलं होतं ते चुकलेलं निघालं. दोन्ही एकाच माणसाकडून, एकाच ओढीने, एकाच खात्रीने आलेलं. स्वप्नात दिसलेलं खरं सूत्र आणि फसवं सूत्र यांच्या चेहऱ्यात काही फरक नव्हता. तो फरक सिद्धतेने केला, आणि सिद्धता म्हणजे तर्क.

हे उदाहरण दोन्हीकडे कापतं. 'मला आतून दिसलं, म्हणून ते खरं' असं म्हणणाऱ्याला ते सांगतं की आतून खोटंही तितकंच लख्ख दिसतं. 'ते देवीच्या नावाने आलं, म्हणून टाकाऊ' असं म्हणणाऱ्यालाही ते सांगतं की विचार कुठून आला यावर तो खरा की खोटा हे ठरत नाही. समाधी म्हणजे मेंदूतली अमुक घडामोड, असं सांगून विषय संपला असं मानणाऱ्यांना मी हेच विचारेन. गणित सोडवतानाही मेंदूत घडामोड होतेच. म्हणून गणित भ्रम ठरतं का? बुद्धिवादाच्या नावाने केलेला हा आळस आहे. त्या पक्षातही शब्दप्रामाण्य असतंच. तिथे फक्त ऋषींच्या जागी दुसऱ्यांचे फोटो लागलेले असतात.

बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालाम लोकांना केलेला उपदेश हा या मंडळींचा आवडता दाखला. ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका. भाषणात साधारण इथे टाळ्या पडतात आणि वक्ता पुढे सरकतो. पण त्या यादीत आणखीही आहे: नुसत्या तर्काला पटलं म्हणून मानू नका, अनुमानाने निघतं म्हणून मानू नका. मग मानायचं कशावरून? जे तुम्हाला स्वतःला अकुशल, दुःखाकडे नेणारं म्हणून कळेल ते सोडा, आणि जे हिताचं म्हणून कळेल ते आचरणात आणा. वागून पाहणं आणि तपासून पाहणं तिथे एकत्र बांधलेलं आहे. ही यादी अर्धीच वाचणारे बुद्धिवादी आणि सूत्र अर्धंच वाचणारे वेदान्ती यांत मला फारसं अंतर दिसत नाही.

महाराष्ट्रात हा तिढा सर्वांत धीटपणे कोणी सोडवला असेल तर जोतीराव फुल्यांनी. 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढणारा हा माणूस नास्तिक नव्हता. निर्मिकावर, म्हणजे जग निर्माण करणाऱ्या देवावर, त्यांची श्रद्धा होती, आणि मृत्यूनंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झालेलं त्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्या श्रद्धेवरच उभं आहे. पण ती श्रद्धा त्यांनी कशी वापरली ते पाहा. निर्मिक एक आहे आणि सगळी माणसं त्यानेच निर्माण केली, हे एकदा मानलं, तर त्याने ज्ञानाचा मक्ता एका जातीला दिला, हे कसं संभवतं? स्त्रीला कमी अधिकार देऊन पुरुषाला जास्त का देईल? देव मानणाऱ्यालाच जातिभेद मानता येणार नाही, असा तो पेच आहे. नास्तिकाला हा युक्तिवाद करता आला नसता. त्याच्याकडे पहिली पायरीच नाही. आणि 'बुद्धीच्या पलीकडे' म्हणणाऱ्यालाही करता आला नसता, कारण त्याच्याकडे दुसरी नाही. या एकाच माणसात दोन्ही होत्या, म्हणून भटशाहीला त्यांचं उत्तर सुचणं इतकं जड गेलं.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1902 मध्ये धर्मानुभवांवरच्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत एक भेद केला होता. गूढ अनुभव ज्याला येतो त्याच्यावर त्या अनुभवाची सत्ता चालते, आणि ते योग्यच आहे. पण ज्याला तो आला नाही त्याच्यावर ती चालवण्याचा अधिकार त्या अनुभवातून मिळत नाही. आपल्याकडच्या बुवाबाजीचा सगळा कारभार हा भेद पुसण्यावर चालतो. महाराजांना साक्षात्कार झाला असेल, नसेल. त्यावरून भक्ताच्या मुलीचं लग्न कधी लावायचं, आजाऱ्याचं औषध बंद करायचं का, जमीन कोणाच्या नावावर करायची, हे कसं ठरतं? मधल्या पायऱ्या कुठे आहेत? आणि त्या विचारल्या की उत्तर येतं, 'शंका घेणारा साधनेला अपात्र'. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्मा ऐकावा, त्याचं मनन करावं आणि मग निदिध्यास घ्यावा असं सांगतात. मधलं मनन म्हणजे ऐकलेल्याला युक्तीने तपासणं, शंका काढून संपवणं. ते गाळून श्रवणातून थेट शरणागतीवर उडी मारायला लावतो त्याने परंपरेचं नाव घेऊ नये.

अंधश्रद्धेविरुद्धच्या कायद्यावरचा महाराष्ट्रातला वाद या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. विधेयक वर्षानुवर्षं रखडलं. हा कायदा झाला तर वारी बंद पडेल, सत्यनारायण घालणाऱ्याला पोलीस नेतील, असं गावोगाव सांगितलं गेलं, आणि काही वारकरी संघटनाही विरोधात उतरल्या. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात या कायद्यासाठी झटणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. त्यात वारी, कीर्तन, प्रवचन, भजन, प्रदक्षिणा यांना हा कायदा लागू नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. गुन्हा कशाला ठरवलं? साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करायला लावणं, अतींद्रिय शक्तीचा दावा करून लोकांना फसवणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं. म्हणजे जिथे आतल्या अनुभवाचं नाव घेऊन दुसऱ्याच्या शरीरावर किंवा पैशावर हात टाकला जातो, नेमकी तिथे कायद्याने रेघ ओढली. ओढणाऱ्यांच्या मनात शंकराचार्य नसतील. पण विंचवाचं विष मंत्राने उतरतं आणि अग्नी थंड असतो ही एकाच जातीची विधानं आहेत.

या रेघेला वारकऱ्यांचं म्हणणं काय, असं कोणी विचारलं तर मी संघटनांच्या ठरावांकडे बोट दाखवणार नाही, 2020 च्या आषाढाकडे दाखवेन. करोनाच्या त्या वर्षी माऊलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एस.टी.ने, मोजक्या लोकांसह पंढरपुराला गेल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची चाल मोडली. काहींनी नाराजी बोलून दाखवली, पण लाखो माणसं घरी थांबली. विठ्ठल विषाणूपासून राखेल, असा जोर न धरता त्यांनी संसर्ग कसा पसरतो हे समजून घेतलं, आणि त्यांतल्या कोणाला आपली निष्ठा पातळ झाली असं वाटल्याचं दिसलं नाही. घराच्या दारात तुळस ठेवून तिथेच हरिपाठ झाला. दोन वर्षांनी वारी पुन्हा पायी निघाली आणि वाटा पूर्वीसारख्याच भरल्या. त्या भरलेल्या वाटांकडे पाहून 'यांना मिळतं काय?' असं विचारणाऱ्या मित्रांना माझं सांगणं एवढंच, की प्रश्न जरूर विचारा, पण चालणाऱ्यांच्या सोबत दिवेघाट चढताना विचारा. उत्तर वाद घालत देणारी माणसं तिथे दर दिंडीत सापडतात, आणि त्यांतली बरीचशी तुमच्याहून जास्त अभंग तोंडपाठ असलेली असतात.